रसायनशास्त्राचा तास आणि गावची विहीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कृष्णाकाठच्या एका गावात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. प्रशिक्षणाच्या जेवणाच्या सुट्टीत, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि पालकसभेत जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या वर्गातली आहेत. तुमचं गाव वेगळं असेल तर उदाहरणं बदला, पद्धत बदलू नका.

दैनंदिन जीवनाशी सांगड म्हणजे धड्याच्या शेवटी उपयोग सांगायचे, एवढंच ना?

नाही. "धुण्याच्या सोड्याचे दोन उपयोग लिहा" या प्रश्नाला मुलं काच, कागद, साबण असं बिनचूक लिहितात. त्यातल्या निम्म्यांनी धुण्याचा सोडा कधी हातात घेतलेला नसतो. उपयोगांची यादी हीसुद्धा शेवटी पाठांतराचीच गोष्ट होते.

मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे. धडा संपल्यावर मुलाला घरातल्या, शेतातल्या किंवा गावातल्या एखाद्या गोष्टीबद्दल आधी घेता येत नव्हता असा निर्णय घेता आला का? विहिरीत ब्लिचिंग पावडर किती टाकायची, काकांच्या चोपण, म्हणजे पाणी न मुरणाऱ्या रानात जिप्समचा उपयोग होईल की नाही, गॅसचा वास आल्यावर खिडकी उघडायची की दारही. तो निर्णय घेता आला, तर सांगड बसली.

शाळेत प्रयोगशाळा नावालाच आहे. साहित्य कुठून आणायचं?

किराणा दुकानातून आणि कृषी सेवा केंद्रातून. खायचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटी, नवसागर, चिंच, लिंबू, हळद, खायचा चुना, पापडखार, जिप्सम. मोरचूद शेतकऱ्याच्या घरी मिळतं, कारण बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाला तेच लागतं. बॅटरीचं आम्ल मात्र मुलांना आणायला सांगू नका. ते फार तीव्र असतं. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल शाळेनेच घ्यावं आणि कुलपात ठेवावं.

दर्शकासाठी, म्हणजे रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखून देणाऱ्या पदार्थासाठी, जास्वंदीची फुलं गरम पाण्यात टाका. ते पाणी आम्लात गुलाबी-लाल होतं, आम्लारीत हिरवट. फुलं शाळेच्या कुंपणावरच असतात.

हळदीचा प्रयोग सातवीपासून सगळे करतात. नववीत त्यात नवीन काय?

पुष्कळ आहे, फक्त तिथेच थांबायचं नाही. पांढऱ्या शर्टावर आमटीचा डाग पडतो. आई साबण लावते आणि डाग लालभडक होतो. पाण्याने खळबळून काढल्यावर पुन्हा पिवळा. हे प्रत्येक मुलाने पाहिलेलं असतं, पण "असं का?" हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. साबण आम्लारीधर्मी, म्हणून हळदीतलं कुर्क्युमिन रंग बदलतं. साबण धुतला गेला की रंग परत येतो. म्हणजे डाग गेला नाही, नुसता रंग बदलला. उन्हात वाळत घातल्यावर तो फिका होतो ती गोष्ट निराळी, तिथे प्रकाशामुळे कुर्क्युमिनचं विघटन होतं. एका डागात दोन बदल, एक उलट फिरणारा आणि एक न फिरणारा.

पूर्वी घरी कुंकू करताना हळदीला चुना किंवा टाकणखार लावत, तेही हेच.

आता नववीचा प्रश्न. लिंबाच्या रसात हळद पिवळी, साध्या पाण्यातही पिवळी. मग हळद आम्ल ओळखू शकते का? मुलं आधी "हो" म्हणतात, करून बघतात आणि गप्प होतात. दर्शकाला मर्यादा असते हे त्या शांततेत त्यांना समजतं. मग जास्वंद काढायची.

पुस्तकात लिहिल्यासारखं घडलं नाही तर वर्गासमोर पंचाईत होते. काय करायचं?

तेच पकडून ठेवायचं. एकदा मी कार्बोनेटची परीक्षा दाखवायला खडूच्या तुकड्यावर विरल आम्ल टाकलं. बुडबुडे आलेच नाहीत. मी दुसरा खडू घेतला, तरी नाहीत. फळ्यावर लिहायचे बहुतेक खडू आता जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात. चुनखडीचे नसतात. ते मला माहीत असायला हवं होतं.

मग वर्गाच्या कोपऱ्यात सुटून पडलेला शहाबादी फरशीचा तुकडा घेतला. त्यावर थेंब पडताच फसफसलं, कारण शहाबादी म्हणजे चुनखडक. दुसऱ्या दिवशी मुलांनी सात-आठ प्रकारचे दगड आणले. ओढ्यातला काळा दगड गप्प राहिला, तो बेसाल्ट. स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडप्प्याचा तुकडा फसफसला. एका मुलीने लगेच सांगितलं की त्यांच्या ओट्यावर लिंबू पिळलेल्या जागी चकाकी गेली आहे. बाथरूम धुवायच्या ॲसिडने शहाबादी खडबडीत का होते, हे मग मला सांगावंच लागलं नाही.

गावातल्या कारागिरांची मदत घेता येते का?

घ्यावीच. कल्हईवाला आता आमच्याकडे वर्षातून एखाद्या वेळी येतो. आला की मी वर्ग घेऊन तिथे जातो. भांडं तापतं, नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर होतो, कथलाची कांडी टेकवली जाते आणि कापसाचा बोळा फिरला की पिवळं पातेलं आतून चांदीसारखं होतं.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढतं, कारण कथील स्वच्छ धातूलाच धरतं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून हे काम भात्यावर होतं. धूर बघून एका मुलीने विचारलं, "सर, वर गार झाल्यावर दोन्ही वायू परत एकत्र येत असतील का?" येतात. तो पांढरा धूर म्हणजे नवसागराचेच बारीक कण. त्या दिवशी उलटसुलट होणाऱ्या अभिक्रियेची व्याख्या फळ्यावर लिहायची गरज उरली नाही.

आणि कल्हई कशासाठी? "ताक कळकतं म्हणून," असं आजी सांगतात. इथे हुशार मूल अडवतं, आणि अडवू द्यावं : क्रियाशीलता श्रेणीत तांबं हायड्रोजनच्या खाली आहे, ते विरल आम्लातून हायड्रोजन काढत नाही, मग ताकात कसं उतरतं? हवेतल्या ऑक्सिजनमुळे आधी ऑक्साइड तयार होतं आणि ताकातलं लॅक्टिक आम्ल ते विरघळवतं. पितळेतलं जस्त तर आम्लात सरळच जातं. चिंचेने तांब्याची भांडी लखलखीत होतात तेही याच कारणाने. तोच बदल, एकदा हवासा आणि एकदा नकोसा. कथलात शिसं मिसळलेलं नसावं, हेही मुलांना सांगून ठेवा.

गुऱ्हाळाची सहल नेतो, पण मुलं रस पिऊन गूळ खाऊन परत येतात. तिथे रसायनशास्त्र कुठे दाखवायचं?

गुळव्याच्या हातात. उसाचा ताजा रस थोडा आम्लधर्मी असतो, सामू (pH) साधारण ५ ते ५.५. तसाच उकळला तर आम्लामुळे साखरेचं म्हणजे सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होतं आणि गूळ नीट बसत नाही, चिकट राहतो. म्हणून काहिलीत चुन्याची निवळी पडते. किती, ते गुळव्याला रंगावरून आणि मळी कशी वर येते त्यावरून कळतं. मुलांच्या हातात सामू बघायची पट्टी द्या आणि चुना पडण्याआधी व नंतर मोजायला लावा. रस थोडा गार करून, मोठ्या माणसाने काढून दिलेल्या वाटीत. काहिलीजवळ एकही मूल नको.

भेंडीच्या झाडाचा चिकट रस मळी गोळा करतो. आणि पिवळ्याधमक गुळासाठी काही ठिकाणी हायड्रॉस वापरतात. ते सोडियम डायथायोनाइट, तीव्र क्षपणक (रिड्युसिंग एजंट). ते रंगद्रव्याचं क्षपण करतं, पण पुढे हवा लागून गूळ पुन्हा काळपट होऊ लागतो. बाजारात पिवळ्या गुळाला भाव जास्त का, तो कुणी ठरवला, आपण घरी कोणता घेतो, यावर माझ्या वर्गात तासभर बोलणं झालं आहे. त्यात गुऱ्हाळवाल्यांचीच मुलंही होती. त्यांना आरोपी करायचं नाही एवढं मी कटाक्षाने पाळतो. ग्राहक पिवळा मागतो म्हणून हायड्रॉस पडतं, हे त्यांनीच सांगितलं.

"सामाजिक विकास" हा मोठा शब्द आहे. शाळेतलं मूल त्यात काय करणार?

गावच्या विहिरीपासून सुरुवात करेल. सार्वजनिक विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकतात, गावात तिला टीसीएल म्हणतात. चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतं आणि १००० लिटरला ५ ग्रॅम हा रूढ हिशेब आहे. आमच्या मुलांनी विहीर मोजली. व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर खोल. वृत्तचितीचं घनफळ काढलं, सुमारे ३७.७ घनमीटर, म्हणजे ३७,७०० लिटर. म्हणजे पावडर लागणार १९० ग्रॅमच्या आसपास. गणिताच्या सरांचं सूत्र पहिल्यांदाच पाण्यात उतरलं.

मग ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघणं. क्लोरीन असेल तर नमुना पिवळा होतो, आणि उरलेलं मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. (ओटीचं द्रावण मुलांच्या हातात देऊ नका, थेंब शिक्षकाने किंवा आरोग्यसेवकाने टाकावेत आणि ते पाणी कुणी पिऊ नये.) हिशेबाप्रमाणे पावडर टाकली होती, तासभर थांबलो होतो, तरी नमुना जवळजवळ रंगहीन. सगळ्यांचे चेहरे पडले. कारण शोधता शोधता एक मुलगा पोत्यापर्यंत पोचला. पोतं महिनाभर उघडं, दमट खोलीत होतं. ब्लिचिंग पावडर हवेत उघडी राहिली की त्यातलं क्लोरीन निघून जातं. पुस्तकात ते एका ओळीत आहे. नवं बंद पोतं आलं, तेवढीच पावडर टाकली आणि नळी पिवळी झाली. आता ते पोतं झाकण असलेल्या पिंपात असतं.

पाण्यावर आणखी काय करता येईल?

तुरटी घ्या. आजी पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवते. गाळाचे बारीक कण ऋणप्रभारित असतात, एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून खाली बसत नाहीत. तुरटीतले ॲल्युमिनियमचे धनप्रभारित आयन ते अंतर मोडतात, गुठळ्या होतात आणि गाळ तळाला जातो.

ही तुरटी नागपूरपर्यंत जाते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं वाकतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरून फ्लोराइड कमी करायची पद्धत बसवली. तिला नालगोंडा पद्धत म्हणतात, आजच्या तेलंगणातल्या त्या जिल्ह्याच्या नावावरून. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके फ्लोराइडला घेऊन खाली बसतात. मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरवावी लागते, घरी अंदाजाने हे करू नये. पण किराणा दुकानातल्या तीन पांढऱ्या वस्तू नीट समजून घेतल्या तर एवढं काम होतं, हे ऐकल्यावर वर्ग ताठ बसतो.

शेतीशी जोड कशी घालायची? खतांची नावं मुलांना पाठच असतात.

नावं सोडा, बाटल्या घ्या. कृष्णाकाठी आणि शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन आणि निचरा नसल्याने रानं क्षारपड झाली आहेत. ज्या जमिनीत सोडियम साठतो, सामू ८.५ च्या वर जातो, ती चोपण. पाणी मुरत नाही, ओली असताना चिखल आणि वाळली की दगड.

दोन पारदर्शक बाटल्यांत तीच काळी माती आणि तेवढंच पाणी घाला. एकीत चमचाभर जिप्सम, दुसरीत चमचाभर खायचा सोडा. हलवून ठेवा. जिप्समच्या बाटलीतली माती बसते आणि वर निवळ येतं. सोड्याची बाटली दुसऱ्या दिवशीही गढूळ. कॅल्शियमचा आयन मातीचे कण एकत्र आणतो, सोडियम ते विस्कटतो. मुलं स्वतःच म्हणतात, "तुरटीसारखंच झालं." हे वाक्य त्यांच्या तोंडून यावं म्हणून मी तुरटी आधी घेतो. मग पुढचा प्रश्न : जिप्समने सुटलेला सोडियम जाणार कुठे? निचरा नसेल तर कुठेच नाही. म्हणून चर काढल्याशिवाय नुसतं जिप्सम टाकून भागत नाही. एका विद्यार्थ्याने हे घरी सांगितलं आणि वडील माती परीक्षणाचा कागद घेऊन शाळेत आले. त्या कागदावरचा सामू मुलानेच वाचून दाखवला.

पालक म्हणतात, "केमिकल वाईट असतं." त्यांना काय सांगावं?

पाणी आणि मीठही रसायनंच आहेत, हे सांगावं. पण तेवढं सांगून गप्प बसणं प्रामाणिकपणाचं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पालकांच्या भीतीला असा आधार आहे, ती हसण्यावारी नेऊ नये.

म्हणून मी दहावीच्या वर्गात कीटकनाशकाची लेबलं वाचायला लावतो. रिकामा डबा आणायचा नाही, घरी जाऊन फक्त त्रिकोणाचा रंग लिहून आणायचा. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पहिल्या वर्षी ३८ मुलांपैकी ११ जणांच्या वहीत लाल त्रिकोण होता, आणि तीन डबे स्वयंपाकघराच्या फळीवर होते. दोन औषधं एका पंपात मिसळणं, उघड्या अंगाने फवारणं, तंबाखू मळत फवारणं, प्रत्येकाबद्दल वर्ग बोलला. विष त्वचेतून आत जातं, हे कित्येकांना ठाऊकच नव्हतं. मला या एका तासाचं मोल बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वाटतं.

कारखाने, स्फोट, प्रदूषण हे विषय शाळेत काढावेत का?

काढावेत. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये मोठे स्फोट झाले. तिथल्या मुलांना ते टाळून रसायनशास्त्र कसं शिकवणार? आणि औषधं, खतं, रंग, इथेनॉल हेही अशाच कारखान्यांतून येतं. मुलांचे वडील तिथे कामाला असतात. दोन्ही बाजू एकाच वर्गात मांडाव्यात.

रेणुवस्तुमान इथे जीव वाचवतं. हवेचं सरासरी २९ धरा. क्लोरीन ७१, म्हणून तो खाली पसरतो. गळती झाली तर खड्ड्यात, तळघरात जायचं नाही. वाऱ्याला आडवं आणि उंचावर जायचं, नाकावर ओला रुमाल धरायचा. अमोनिया १७, हवेपेक्षा हलका आणि पाण्यात झटकन विरघळणारा, म्हणून बर्फाच्या कारखान्यात गळती झाली की पाण्याचा फवारा मारतात.

शहरातल्या मुलांकडे विहीर नाही, रान नाही.

गॅस सिलिंडर आहे. त्यातलं प्रोपेन ४४, ब्यूटेन ५८, दोन्ही हवेपेक्षा जड. गळलेला गॅस जमिनीलगत साठतो. म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडायचं आणि दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. घरोघरी पाण्याचं शुद्धीकरण यंत्र आहे, ते क्षार किती काढतं ते मोजता येतं. ओआरएसचं पाकीट आहे : जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. मुलांना संहती (द्रावणाची तीव्रता) काढायला लावा. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी अशाच द्रावणाने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले, हेही त्याच तासाला सांगा.

स्वयंपाकघरातली उदाहरणं दिली की मुलगे म्हणतात, "हे मुलींचं."

म्हणून घरचा प्रयोग मी मुलग्यांनाच आधी देतो. ढोकळ्याच्या पिठात सोडा घातल्यापासून तो फुगेपर्यंतची नोंद, स्वतः करून.

सामू, क्षपण, अवक्षेप हे शब्द मुलांना जड जातात. इंग्रजी वापरू का?

सेमी-इंग्रजीच्या वर्गात दोन्ही सांगा, भांडण नको. पण वस्तू आधी, शब्द नंतर. कळकणं, निवळी, विरून जाणं, चोपण, खारट-तुरट, हे शब्द मुलांच्या कानात असतात. निवळी बघितलेल्या मुलाला "वर राहिलेलं स्वच्छ द्रावण" समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं करायचं तर धडे कधी संपणार? दहावीला गुण हवेत.

वेळ लागतो, मी खोटं सांगणार नाही. धड्यामागे दीड-दोन तास जास्त जातात. ते मी टिपणं सांगून लिहून घेण्यातून काढतो. ४० गुणांच्या पेपरात "शास्त्रीय कारणे लिहा" असतंच, आणि ज्याने कल्हई पाहिली आहे त्याला कारण आठवावं लागत नाही. प्रात्यक्षिकाच्या २० गुणांसाठी तर वेगळी तयारीच लागत नाही.

घरचे प्रयोग धोक्याचे नाहीत का?

काही आहेत. शौचालय साफ करायचं ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. कळीच्या चुन्यावर पाणी टाकताना तोंड लांब. चव कशाचीच घ्यायची नाही, खायच्या वस्तूचीसुद्धा. हे नियम मी वर्षाच्या पहिल्याच तासाला वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतो आणि त्यावर पालकांची सही आणायला सांगतो.

मुलांच्या नोंदींचं पुढे काय करायचं?

जपून ठेवायच्या. आमच्याकडे विहिरीची एक लांब वही आहे. दर महिन्याला तारीख, पाण्याची खोली, सामू आणि क्लोरीन आहे की नाही एवढंच लिहायचं. दहावीची मुलं जाताना ती नववीच्या हातात देतात. गेल्या वर्षी जुलैत पाण्याची पातळी वाढली आणि पावडरचं प्रमाण तेच राहिलं, हे एका मुलीने मागची पानं चाळून पकडलं. तिने नवं घनफळ काढून कागद ग्रामपंचायतीत नेऊन दिला. तिथल्या शिपायाने तो भिंतीवर, पिंपाच्या वर चिकटवला आहे.